नवी चव, मोजके दिवस : ‘लिमिटेड एडिशन’ खाऊमागचे गणित

बेंगळुरू : दक्षिण बेंगळुरूतील बनशंकरी परिसरात खाऊ विकत घेण्याच्या दोन पद्धती शेजारी शेजारी नांदतात. एक जुन्या ‘कॉन्डिमेंट्स’ दुकानांची. तेथे चकली, कोडुबळे, निप्पट्टू आणि मसाला लावलेले ‘काँग्रेस’ शेंगदाणे वजनावर मिळतात. दुसरी सुपरमार्केटची. तेथील फळीवर ओळखीच्या वेफर्सशेजारी अधूनमधून एखादे अनोळखी पाकीट अवतरते. त्यावर ‘नवीन’, ‘मर्यादित काळासाठी’ किंवा ‘लिमिटेड एडिशन’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते आणि काही दिवसांनी ते फळीवरून नाहीसेही होते.

अशी नवी चव घेऊन पाहण्याचा मोह स्वाभाविक आहे आणि त्यात गैर काही नाही. मात्र ही चव तयार कशी होते, ती थोड्याच दिवसांसाठी का येते आणि पाकीट घेताना काय तपासावे, हे ग्राहकाला ठाऊक असायला हवे. घरात दुधाची किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असलेले मूल, रक्तदाबाचा रुग्ण किंवा कटाक्षाने शाकाहार पाळणारी व्यक्ती असेल, तर हा प्रश्न केवळ जिभेपुरता राहत नाही.

मूळ पदार्थ तोच, मसाला नवा

पाकीटबंद खाऊतील बहुतेक ‘नव्या’ पदार्थांमध्ये मूळ पदार्थ जुनाच असतो. बटाट्याचे काप तळले जातात किंवा मक्याचा रवा उष्णता व दाब देऊन साच्याच्या छिद्रातून बाहेर काढला जातो आणि तो फुलतो. त्यानंतर हा माल फिरत्या पिंपात घोळवून त्यावर मसाल्याची भुकटी भुरभुरली जाते. चवीतील फरक प्रामुख्याने या शेवटच्या टप्प्यात पडतो. त्यामुळे नवा पदार्थ आणण्यासाठी नवा कारखाना लागत नाही. वेगळी भुकटी आणि वेगळ्या छपाईचे पाकीट एवढे पुरते.

या भुकटीत मीठ, साखर, कांदा-लसणाची पूड, तिखट आणि अनेकदा दुधाची भुकटी असते. आंबटपणासाठी सायट्रिक आम्ल (आयएनएस ३३०) वापरले जाते, तर चव खुलवण्यासाठी आयएनएस ६२७ आणि ६३१ हे घटक येतात. पाकिटावर एखाद्या फळाचे किंवा परदेशी पदार्थाचे चित्र असले, तरी तो पदार्थ आत असेलच असे नाही. त्याचा केवळ स्वाद मिसळलेला असू शकतो आणि तशी नोंद पाकिटावर करणे बंधनकारक आहे.

मोजक्या दिवसांचे कारण

भारतात ‘लेज’ १९९५ मध्ये, ‘कुरकुरे’ १९९९ मध्ये आणि आयटीसीचे ‘बिंगो’ २००७ मध्ये बाजारात आले. स्पर्धा वाढली तशी फळीवरील जागा मौल्यवान झाली. नवी चव कायमस्वरूपी आणून ती फसली, तर तोटा मोठा होतो. तीच मर्यादित काळासाठी आणली, तर थोडक्या खर्चात ग्राहकांची आवड कळते. खपली तर ती पुढे चालू ठेवता येते. न खपल्यास ‘मुदत संपली’ म्हणून गाजावाजा न होता मागे घेता येते. म्हणजेच अशा पाकिटाचा ग्राहक हा एका अर्थी बाजाराच्या चाचणीतील परीक्षकच असतो. ‘लेज’ने तर काही वर्षांपूर्वी भारतात ग्राहकांकडूनच चवी मागवल्या होत्या. आंब्याच्या चवीचे ‘मस्ताना मँगो’ वेफर्स त्याच स्पर्धेतून आले.

या पद्धतीचे सर्वात ठळक उदाहरण जपानमध्ये दिसते. तेथे ‘किटकॅट’ या चॉकलेटच्या आजवर तीनशेहून अधिक चवी निघाल्या आहेत. प्रवासाहून परतताना त्या त्या गावची खास वस्तू भेट म्हणून आणण्याची जपानी प्रथा कंपनीने हेरली आणि ठरावीक प्रदेशातच मिळणाऱ्या चवी बाजारात आणल्या. वसाबीपासून हिरव्या चहापर्यंतचे प्रकार त्यांत आहेत.

वैविध्य आणि भूक

नव्या चवीचा संबंध केवळ कुतूहलाशी नसून भुकेशीही आहे. एकच चव सतत खाल्ली की तिचा हव्यास ओसरतो, पण वेगळी चव समोर आली की पुन्हा खावेसे वाटते. ऑक्सफर्ड विद्यापीठातील बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये यासंबंधी प्रयोग प्रसिद्ध केले. एकाच प्रकारच्या सँडविचऐवजी चार वेगवेगळ्या सारणांची सँडविचे दिली, तेव्हा लोकांनी सुमारे एक-तृतीयांश अधिक खाल्ले. जेवणानंतर पोट भरलेले असतानाही गोडाला जागा उरते, या घरोघरच्या अनुभवामागे हेच कारण आहे. चार नव्या चवींची चार पाकिटे एकाच वेळी उघडली, की आपण नेहमीपेक्षा जास्त खातो, हे लक्षात ठेवलेले बरे.

पाकिटाची मागची बाजू

अन्न सुरक्षा व मानके (लेबलिंग व प्रदर्शन) नियमावली, २०२० नुसार पाकिटावर काही माहिती देणे सक्तीचे आहे. नवी चव घेताना ती नव्याने वाचावी. ‘हा ब्रँड आपल्या घरी चालतो’ एवढ्यावर विसंबू नये. एकाच ब्रँडच्या साध्या खारट वेफर्समध्ये दूध नसेल, पण चीज किंवा क्रीमच्या चवीत ते असू शकते.

पहिली गोष्ट घटकांची यादी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्यामुळे पहिली तीन-चार नावे पदार्थाचे खरे स्वरूप सांगतात. दुसरी गोष्ट ॲलर्जीची सूचना. ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणे, काजू-बदामासारखी कवचफळे आणि सोयाबीन यांचा उल्लेख करणे बंधनकारक आहे. तिसरी गोष्ट शाकाहाराची खूण. हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका शाकाहारी पदार्थाचा, तर तपकिरी चौकटीतील तपकिरी त्रिकोण मांसाहारी पदार्थाचा. आयएनएस ६३१ हा घटक वनस्पतिजन्य तसेच मांस वा मासे यांपासूनही बनवता येतो. म्हणून केवळ क्रमांक पाहून तर्क करण्यापेक्षा ही खूण पाहावी.

चौथी गोष्ट पोषणाचा तक्ता. त्यात दर १०० ग्रॅममागे ऊर्जा, साखर, स्निग्ध पदार्थ, सोडियम इत्यादींचे प्रमाण दिलेले असते. शिवाय एका वाढणीतून दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग मिळतो, हेही सांगितलेले असते. हा हिशेब दिवसाला २,००० किलोकॅलरी ऊर्जा, ६७ ग्रॅम स्निग्ध पदार्थ, ५० ग्रॅम अतिरिक्त साखर आणि २,००० मिलिग्रॅम सोडियम (म्हणजे ५ ग्रॅम मीठ) या प्रमाणांवर आधारलेला आहे. गफलत होते ती वाढणीच्या आकारात. समजा, पाकीट ६० ग्रॅमचे आहे, वाढणी २० ग्रॅमची धरली आहे आणि सोडियम ८ टक्के लिहिले आहे. संपूर्ण पाकीट एकट्याने संपवले, तर ते प्रमाण २४ टक्के होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतही लेबल वाचण्याचा आणि अतिप्रक्रिया केलेले पदार्थ कमी खाण्याचा सल्ला दिला आहे.

पाचवी गोष्ट किंमत. नव्या पाकिटाचे वजन नेहमीच्या पाकिटाएवढेच असेल, असे गृहीत धरू नये. १० रुपयांत २५ ग्रॅम म्हणजे किलोला ४०० रुपये. २० रुपयांत ४० ग्रॅम म्हणजे किलोला ५०० रुपये. वजनमापविषयक नियमांनुसार आता पाकिटावर प्रतिग्रॅम किंवा प्रतिकिलो दरही छापावा लागतो, त्यामुळे ही तुलना उभ्या उभ्या करता येते. पाकीटबंद नमकीन आणि भुजियासारख्या पदार्थांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे.

ऋतूने ठरवलेली मुदत

मोजक्या दिवसांचा खाऊ ही कल्पना मात्र कंपन्यांनी शोधलेली नाही. बनशंकरीच्या उत्तरेस असलेल्या बसवनगुडीत कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बैल मंदिराजवळ ‘कडलेकाई परिषे’ ही शेंगदाण्याची जत्रा भरते आणि शेतकरी नव्या हंगामाच्या शेंगा घेऊन येतात. थंडीत ‘अवरेकाई’, म्हणजे आपल्याकडील वाल-पावट्याच्या वर्गातील शेंगा, बाजारात येतात. त्यांच्यासाठी बेंगळुरूत खास मेळा भरतो. तेथे या दाण्यांच्या डोशापासून तळलेल्या डाळीपर्यंत नाना प्रकार मिळतात. महाराष्ट्रातील हुरडा आणि रायगडची पोपटी याच जातकुळीतली. हंगाम सरला की हा खाऊही सरतो. त्याची मुदत पीक ठरवते.

नव्या चवीचे पाकीट घ्यायचेच असेल, तर सर्वांत लहान घ्यावे, वाटीत काढून वाटून खावे आणि एका वेळी एकच उघडावे. लहान मुलांना देण्यापूर्वी ॲलर्जीची सूचना वाचावी. वजन, किंमत किंवा लेबलाबाबत तक्रार असल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवता येते. पाकीट मात्र तक्रारीचा निकाल लागेपर्यंत जपून ठेवावे, कारण उत्पादनाची तारीख, बॅच क्रमांक आणि १४ अंकी परवाना क्रमांक त्यावरच असतो.