आयसोपॉडचे पालन : तंजावरच्या हवामानात निवारा आणि आहार

कुंडी किंवा दगड उचलल्यावर खालच्या ओलसर मातीत दिसणारा, स्पर्श होताच अंगाची गोळी करून घेणारा करड्या रंगाचा लहानसा जीव बहुतेकांच्या परिचयाचा आहे. प्राणिशास्त्रात हा जीव ज्या गणात मोडतो, त्याला आयसोपोडा असे म्हणतात. गेल्या काही वर्षांत अनेक देशांत हौसेखातर आयसोपॉड पाळण्याची प्रथा रूढ झाली असून भारतातील हौशी पालकही तिकडे वळले आहेत. या प्राण्यांना जागा आणि खर्च कमी लागतो. मात्र डब्यातील सगळे प्राणी काही दिवसांतच मरून जाण्याचे प्रकारही घडतात. त्यामागे अनेकदा ओलाव्याचा बिघडलेला तोल हेच कारण असते.

सतराव्या शतकापासून १८५५ पर्यंत भोसले घराण्याची राजधानी असलेल्या आणि आजही मराठी भाषक कुटुंबांची वस्ती असलेल्या तंजावरचे उदाहरण या दृष्टीने उपयुक्त ठरते. येथील सरस्वती महाल ग्रंथालयात गजशास्त्र आणि अश्वशास्त्र या विषयांवरील ग्रंथ जतन करण्यात आले आहेत. आयसोपॉडसारख्या क्षुद्र जीवाची निगा हा मात्र अगदी अलीकडचा विषय आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील ही भातशेतीची भूमी पाण्याने समृद्ध असली, तरी तेथील ओलावा वर्षभर सारखा नसतो.

कीटक नव्हे, कवचधर

आयसोपॉड हा कीटक नाही. तो कोळंबी आणि खेकडा यांच्या कवचधर वर्गातील प्राणी आहे. कीटकांना पायांच्या तीन जोड्या असतात, तर पूर्ण वाढलेल्या आयसोपॉडला सात. याच कुळातील प्राण्यांनी जमिनीवर वस्ती केली, तरी श्वसनाची जुनी व्यवस्था पूर्णपणे सुटली नाही. पोटाच्या मागील भागाखाली असलेल्या कल्ल्यांसारख्या पातळ अवयवांनी ते श्वास घेतात. हे अवयव कोरडे पडले की प्राणी गुदमरतो. उलट पाण्यात फार काळ राहिल्यास तो बुडून मरतो. त्यामुळे त्याला साचलेल्या पाण्याची नव्हे, तर दमट हवेची आणि ओलसर मातीची गरज असते.

डब्याची रचना

दहा-पंधरा प्राण्यांसाठी पाच-सहा लिटरचा झाकण असलेला प्लास्टिकचा डबा पुरेसा होतो. समोरासमोरच्या बाजूंना छिद्रे पाडून त्यांवर बारीक जाळी बसवावी. आयसोपॉड शरीरातील नत्रयुक्त टाकाऊ द्रव्य मुख्यतः अमोनिया वायूच्या रूपाने बाहेर टाकतात. म्हणून पूर्णतः बंद डबा त्यांना घातक ठरतो.

तळाशी चार-पाच सेंटिमीटर जाडीचा थर द्यावा. त्यासाठी खत किंवा कीटकनाशक न मिसळलेली माती, कुजलेली पाने, कुजट लाकडाचा चुरा आणि नारळाच्या काथ्याचा भुसा एकत्र करावा. काथ्याच्या भुशात मिठाचा अंश असू शकतो, त्यामुळे तो आधी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुणे इष्ट. डब्याच्या एका टोकाला ओले शेवाळ ठेवून तेवढ्याच भागात पाणी शिंपडावे आणि दुसरा भाग तुलनेने कोरडा राहू द्यावा. लपण्यासाठी झाडाच्या सालीचे तुकडे ठेवावेत. अशा रचनेत प्राणी आपल्या गरजेप्रमाणे जागा निवडतो.

तंजावरला फेब्रुवारीपासून हवा तापू लागते आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा ३५ अंशांच्या वर जातो. मेट्टूर धरणातून शेतीसाठी पाणी सोडण्याची प्रथागत तारीख १२ जून ही आहे. तोवर अनेक कालवे कोरडे असतात. या काळात डबा घरातील थंड, सावलीच्या जागी ठेवून शेवाळ रोज तपासावे लागते. ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या काळात परिस्थिती नेमकी उलटी होते. तेव्हा पाणी कमी करून हवा खेळती ठेवली नाही, तर माती चिखलासारखी होते आणि बुरशी माजते.

आहार

वाळलेली पाने हे आयसोपॉडचे मुख्य अन्न आहे. आंबा, फणस, पेरू आणि देशी बदाम यांची गळलेली पाने उपयोगी पडतात. ती धुऊन व उन्हात वाळवून मातीवर दोन बोटे जाडीचा थर द्यावा. कडुनिंब आणि निलगिरीची पाने मात्र टाळावीत. शेताच्या बांधावरील पानांवर औषधफवारणी झालेली असू शकते, याचे भान त्रिभुज प्रदेशात विशेष ठेवावे लागते.

काकडी, गाजर किंवा भोपळ्याची पातळ चकती आठवड्यातून एकदा-दोनदा देता येते. उरलेला भाग दुसऱ्या दिवशी काढून टाकावा. प्रथिनांसाठी माशांच्या खाद्याची चिमूट पुरते. प्रथिने कमी पडल्यास हे प्राणी नुकतीच कात टाकलेल्या सोबत्यांना कुरतडतात. खारवलेली सुकी मासळी मात्र देऊ नये.

कवचासाठी चुनखडीची गरज असते. ती अंड्याच्या कवचाची पूड किंवा समुद्रफेन यांतून भागते. विड्याचा चुना दाहक असल्याने वापरू नये. आयसोपॉड कात दोन टप्प्यांत टाकतो : प्रथम मागचा अर्धा भाग आणि नंतर पुढचा. अंगाचा एक भाग फिकट दिसणारा प्राणी आजारी समजून हाताळू नये. टाकलेली कात तो बहुधा स्वतःच खातो, तीही काढू नये.

याच गणातील खोल समुद्रातले महाकाय सदस्य आहाराबाबत अगदी वेगळे आहेत. जपानमधील तोबा मत्स्यालयातील अशा एका आयसोपॉडने जानेवारी २००९ नंतर अन्न घेतले नाही आणि तो फेब्रुवारी २०१४ मध्ये मरण पावला. जमिनीवरच्या प्रजातींना इतका उपवास मानवत नाही. डब्यात पाने सदैव असावी लागतात.

डब्याबाहेरची जबाबदारी

मादी अंडी पोटाखालच्या पिशवीत वाहते आणि पिल्ले तेथूनच बाहेर पडतात. अनुकूल स्थितीत संख्या झपाट्याने वाढते आणि अतिरिक्त प्राण्यांचे काय करावे, हा प्रश्न उभा राहतो. मूळची युरोपातील एक गोळी होणारी प्रजाती माणसाबरोबर उत्तर अमेरिकेत पोहोचून तेथे सर्वत्र पसरली आहे. थायलंडच्या चुनखडीच्या प्रदेशातील प्रजातींनाही आज हौशी बाजारात मोठी मागणी आहे. परदेशातून जिवंत प्राणी आणण्यासाठी सरकारी परवानगी आवश्यक असते.

परक्या प्रजाती कालव्याकाठी किंवा बागेत सोडल्यास स्थानिक जीवांशी त्यांची स्पर्धा होऊ शकते. त्यामुळे अतिरिक्त प्राणी अन्य पालकांना देणे हाच योग्य मार्ग ठरतो. डब्यातील जुनी माती टाकण्यापूर्वी तीत पिल्ले राहिली नाहीत, हे तपासून ती कडक उन्हात पूर्णपणे वाळवावी. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आपल्याच अंगणातील कुंडीखालच्या चार-सहा प्राण्यांपासून आरंभ करणे अधिक श्रेयस्कर आहे. ते तेथील हवेला सरावलेले असतात.