तडा बघा, मगच टोकन द्या

आरोग्याच्या पानावर भिंतीचे तडे कशाला, असे काहींना वाटेल. पण भेगेतून पाणी झिरपले की भिंत ओल धरते, ओलीवर बुरशी येते आणि त्या घरातल्या दम्याच्या लेकराची धाप पावसाळ्यात वाढते. स्लॅबचा पोपडा डोक्यात पडून टाके घालायला आलेली माणसे मी दवाखान्यात पाहिली आहेत. आता आपली मुले-मुली नोकरीला लागून पहिल्यांदाच स्वतःचा फ्लॅट घेत आहेत. पीएफ, आईचे दागिने, वीस वर्षांचे हप्ते, सगळे त्या दोन खोल्यांत जाते. म्हणून घर बघताना टाइल्स आणि किचन ओटा नंतर. आधी भिंती बघा.

प्रत्येक तडा धोक्याचा नसतो. गिलावा वाळताना आकसतो, त्याने केसासारख्या बारीक, जाळीदार रेघा पडतात. बीम आणि विटांची भिंत जिथे मिळते तिथे सरळ भेग दिसते, कारण काँक्रीट आणि वीट उन्हाने सारखे फुगत नाहीत. अशा भेगांनी इमारत पडत नाही. बाहेरच्या भिंतीत असतील तर पाणी आत येते, तेवढी दुरुस्ती करावी लागते. तिच्यावरून भाव कमी करून घ्या.

विटांच्या सांध्यांवरून पायऱ्या-पायऱ्यांनी तिरका चढणारा तडा मात्र वेगळा. एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला रुंद असेल, तर पाया एका बाजूने खचल्याची शंका घ्या. विदर्भ-मराठवाड्यात काळ्या मातीवरच्या घरांना हे फार. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असला की भिंतही तिच्याबरोबर हलते. उन्हाळ्यात उघडलेली भेग पावसाळ्यात मिटलेली दिसते, म्हणून शेजाऱ्यांना विचारा. दारे अडकतात का, तेही विचारा. रुपयाचे नाणे साधारण दीड मिलिमीटर जाड असते. ते तड्यात सहज शिरले, तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढची बोलणी नको. हा काही सरकारी नियम नाही, हाताशी असलेले माप आहे.

सगळ्यात वाईट तडा कॉलम आणि बीमचा. सळईच्या रेषेत लांब भेग, भोवती तांबूस डाग, काँक्रीट फुगलेले, अशी त्याची लक्षणे. आत पाणी गेले की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो काँक्रीटला आतून फोडतो. वरून सिमेंट आणि पुट्टी मारणे म्हणजे पू तसाच ठेवून पट्टी बांधणे. एजंट तुम्हाला हॉल दाखवेल, पार्किंगमधले कॉलम दाखवणार नाही. तिथे स्वतः जा. वरच्या मजल्याच्या बाथरूमखालचे छत बघा. नाण्याने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर गिलावा सुटला आहे. सगळे घर जुने आणि एकच भिंत ताजी रंगवलेली असेल, तर का रंगवली हे विचाराच. पीओपीचे छत असेल तर वरचा स्लॅब दिसत नाही, तेवढा भाग उघडून दाखवा म्हणा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे घर मजबूत, ही समजूत सोडा. बँकेचा माणूस किंमत ठरवायला येतो.

जुन्या सोसायटीत स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट मागा. आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचे दर 5 वर्षांनी आणि त्यापुढच्या इमारतीचे दर 3 वर्षांनी ऑडिट व्हायला हवे. रिपोर्ट नाहीच म्हणाले, तर टोकन खिशातच ठेवा आणि आपल्या खर्चाने स्ट्रक्चरल इंजिनिअर आणा. त्याची फी बुडालेल्या टोकनपेक्षा कमीच असते.

नवा फ्लॅट असेल तर रेरा कायद्याचे कलम 14 लक्षात ठेवा. ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. नाही केला तर भरपाई मागता येते. तोंडी सांगू नका. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा, पत्राला जोडा आणि पत्राची पोच घ्या. महिन्याने तडा खुणेच्या पुढे गेला असेल, तर तोही फोटो दुसऱ्या पत्राला जोडा.