सोन्याचा कस आणि क्ष-किरण

पनवेलच्या बाजारात एखादी बाई आईच्या पाटल्या पदराआड धरून सराफाच्या पेढीची पायरी चढते. मुलाच्या शिक्षणासाठी पैसे हवे असतात. पूर्वी सराफ काळ्या कसोटीवर पाटली घाशी, रेघेवर तेजाबाचा थेंब टाकी आणि कस सांगे. आता पुष्कळ ठिकाणी पाटली एका लहानशा पेटीत ठेवतात. मिनिटभरात आकडा येतो, ९१६. म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोने. आपण ज्याला २२ कॅरट म्हणतो ते. न घासता, न कापता हे कसे बरे कळले? आणि त्या आकड्यावर आपण भरवसा तरी किती ठेवावा?

पेटीत क्ष-किरणांची नळी असते. तिचे किरण धातूवर पडले, की अणूच्या आतल्या कवचातला एखादा इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. ती जागा भरायला वरच्या कवचातला इलेक्ट्रॉन खाली उतरतो आणि उतरताना जास्तीची ऊर्जा क्ष-किरणाच्या रूपाने टाकून देतो. ही ऊर्जा ज्या त्या मूलद्रव्याची ठरलेली असते. तांब्याची सुमारे ८, सोन्याची ९.७, चांदीची २२ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट. अंधारातही आवाजावरून माणूस ओळखावा, तसेच हे. मोस्ली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने १९१३ साली या किरणांची आणि अणुक्रमांकाची सांगड घालून दिली. कोणता आवाज किती मोठा, हे मोजले की सोने किती नि हीण किती, याचा हिशेब मांडता येतो.

पण इथेच एक मेख आहे. राँटजेनने १८९५ साली आपल्या पत्नीच्या हाताचे क्ष-किरण चित्र घेतले. मांसातून किरण पार गेले, बोटातल्या अंगठीने मात्र ते अडवले. जड धातूत किरण लवकर जिरतात. पाटलीच्या पोटात उठलेले किरणही सोन्यातच जिरतात. बाहेर पोचतात ते वरच्या सुमारे शंभरांश मिलिमीटर थरातले. यंत्र पाटलीची कातडी वाचते, पोट नव्हे!

मुलामा अगदी पातळ असला, तर खालच्या तांब्याचा आवाज त्यातून ऐकू येतो. तो किती क्षीण झाला यावरून मुलाम्याची जाडीसुद्धा काढता येते. कारखान्यांत धातूचे पातळ थर असेच मोजतात. मुलामा जाड असला, तर मात्र आत तांबे असूनही यंत्र खुशाल सोने सांगेल.

तेव्हा आपण काय करावे? एकाच जागेचा आकडा घेऊन उठू नये. दोन-तीन ठिकाणी, विशेषतः झिजलेल्या कडेवर, तपासणी करून घ्यावी. सांध्यापाशी डाकामुळे कस कमी दिसतो, हेही ध्यानात असावे. शंका उरलीच, तर खरा निवाडा अग्नीचा. दागिन्याचा कण कापून तोलतात, शिसे-चांदीबरोबर भट्टीत तापवून हीण काढतात, मग नत्राम्लात चांदी विरघळवून उरलेले शुद्ध सोने पुन्हा तोलतात.

१ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेल्या नव्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची ओळखखूण लागते. आईच्या जुन्या पाटल्यांवर ती कुठून असणार? म्हणूनच पेढीवर बसल्यावर हा प्रश्न मोकळेपणाने विचारा: “आकडा वरचा, की आतलाही?” यात संकोच कसला? चोख सराफालाही तो प्रश्न आवडेल.