वासेट्ठ सुत्त आणि सिकलसेल

सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात भगवान बुद्ध तृणवृक्ष, कीटक, चतुष्पाद, सर्प, मासे व पक्षी यांचा क्रमाने उल्लेख करतात. यांच्यातील जातिभेद जन्मसिद्ध लक्षणांनी ओळखता येतो, मनुष्यामनुष्यांत मात्र तशी लक्षणे नाहीत, असा त्यांचा निर्णय आहे.

पालघर, बोईसर-तारापूर परिसरातील उपासक आम्हांस अलीकडे एक प्रश्न विचारतात. विवाहापूर्वीच्या रक्ततपासणीत ‘सिकलसेल वाहक’ असा शेरा आला की सोयरीक मोडते. वारली, कातकरी आदी आदिवासींत आणि विदर्भातील आपल्या समाजातही हे लक्षण आढळते. मग रक्तातच जातीची खूण आहे काय?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच हा फरक. मातापिता दोघांकडूनही हे जनुक आले, तर प्राणवायू कमी होताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्या तुंबतात व असह्य वेदना होतात. एकाकडूनच आले, तर मनुष्य वाहक असतो आणि बहुधा निरोगी जगतो.

इतके घातक जनुक टिकले कसे? १९५४ साली ॲलिसन यांनी आफ्रिकेतील अभ्यासातून याचे उत्तर दिले. वाहकाच्या पेशीत हिवतापाचा परजीवी शिरला, की ती पेशी लवकर वाकते व प्लीहेत नष्ट होते. त्यामुळे वाहक बालके तीव्र हिवतापातून अधिक संख्येने वाचली. १९५८ साली लिव्हिंगस्टन यांनी पश्चिम आफ्रिकेविषयी आणखी एक दुवा मांडला : मनुष्याने जंगल तोडून शेती केली, पाणी साचले, डास वाढले व हिवताप पसरला. म्हणजे मनुष्याचे वर्तन, डास, परजीवी आणि रक्तातील प्रथिन ही एकाच साखळीची कडी होत. पटिच्चसमुप्पादाच्या अभ्यासकास ही विचारसरणी अपरिचित वाटू नये.

म्हणूनच हे जनुक ग्रीस, अरबस्तान, आफ्रिका व भारत येथील परस्परांहून भिन्न समाजांत आढळते. त्याचा नकाशा बव्हंशी हिवतापाचा नकाशा आहे, वर्णव्यवस्थेचा नव्हे. पिढ्यान्पिढ्या एका गटातच विवाह झाल्याने ते काही समाजांत साचून राहिले, इतकेच. अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात नाही, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात प्रतिपादिले होते, त्याचेही येथे स्मरण व्हावे.

आता व्यवहार. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्यास आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. एकच वाहक असून दुसऱ्याचे हिमोग्लोबिन सर्वथा निर्दोष असल्यास अपत्यास हा आजार होत नाही. म्हणून तपासणी दोघांचीही व्हावी, आणि केवळ मुलीला दोष देऊन सोयरीक मोडू नये. वाहकासही हिवताप होऊ शकतो. ताप आल्यास त्यानेही रक्त तपासून घ्यावे. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन अभियान आरंभिले आहे, त्याचा लाभ घ्यावा.

रक्तातील हे लक्षण कोणाच्या हीनतेची खूण नसून, पूर्वजांनी हिवतापाशी दिलेल्या झुंजीची नोंद आहे. ती लपविण्यापेक्षा जाणून घेणे हेच प्रज्ञेचे लक्षण होय.