पिंपरीच्या पेनिसिलिनपासून महिन्याच्या गोळ्यांपर्यंत

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला, आहुपे, तळेघर, आपटाळे या पट्ट्यात, उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करून वाळवायचा आणि विकायचा हा महादेव कोळी कुटुंबांचा रोख पैशाचा मोठा आधार. हिरडा जातो औषधांसाठी, आणि त्याच्या पैशातून घरातल्या म्हाताऱ्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या मंचर-नारायणगावच्या मेडिकलमधून येतात. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याची झाडे पाडली. भरपाईसाठी पुढे वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली, गोळ्यांचा खर्च मात्र दर महिन्याला होताच.

या गोळ्या स्वस्त कधी झाल्या, महाग कधी झाल्या, याचा माग काढायला फार लांब जावे लागत नाही. भोसरी-पिंपरीला नोकरीसाठी उतरलेल्या इथल्या माणसांना हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचे नाव नवे नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने १९५४ साली ही सरकारी कंपनी पिंपरीत उभी राहिली आणि देशात पेनिसिलिन बनू लागले. त्या काळी भारतात औषधांचे भाव जगातल्या सर्वांत चढ्या भावांमध्ये मोडत. अमेरिकी सिनेटच्या केफॉव्हर समितीनेही तसे नोंदवले होते. खरा फरक पडला तो १९७० च्या पेटंट कायद्याने. १९७२ पासून तो लागू झाला. औषधावर नव्हे, फक्त ते बनवण्याच्या रीतीवर पेटंट मिळू लागले. दुसऱ्या रीतीने तेच औषध बनवणाऱ्या देशी कंपन्या वाढल्या आणि भाव उतरले. १९७५ मध्ये हाथी समितीने तर औषधांची ब्रँड नावे टप्प्याटप्प्याने बंद करा असे सुचवले होते. ती शिफारस मानली असती तर पुढची निम्मी डोकेदुखी टळली असती, असे माझे मत आहे.

पुढे उलटा प्रवास सुरू झाला. १९७९ मध्ये ३४७ मूळ औषधे भावनियंत्रणाखाली होती. १९८७ मध्ये १४२ उरली, १९९५ मध्ये ७४. पिंपरीचा कारखानाही नव्वदीत आजारी उद्योगांत जमा झाला. २००५ पासून खुद्द औषधावर पेटंट परत आले.

ऑल इंडिया ड्रग ॲक्शन नेटवर्क आणि इतर संघटना या घटत्या भावनियंत्रणाविरुद्ध २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. पुण्याचे डॉ. अनंत फडके यांच्यासारखे कार्यकर्ते या चळवळीत पहिल्यापासून होते. त्या रेट्यातून २०१३ चा औषध भावनियंत्रण आदेश आला आणि आवश्यक औषधांच्या यादीतली ३४८ औषधे नियंत्रणात आली. पण मेख हिशेबात होती. बनवायला काय खर्च येतो ते न पाहता, बाजारात एक टक्का वा अधिक वाटा असलेल्या ब्रँडच्या भावांची सरासरी काढायची, त्यावर दुकानदाराचे १६ टक्के चढवायचे आणि त्याला कमाल भाव म्हणायचे. महागड्यांच्या सरासरीला नियंत्रण म्हणणे हा सरकारी विनोदच. शिवाय दोन औषधे एका गोळीत घातली की ती गोळी बहुतेक वेळा यादीबाहेर राहते.

मग बचत झाली कुठे? एक, मूळ (जेनेरिक) नावाने विकणाऱ्या दुकानांत. जनऔषधी योजना २००८ मध्ये अमृतसरच्या दुकानाने सुरू झाली, कित्येक वर्षे रखडली, २०१५ नंतर तिने वेग घेतला. २०२३ अखेर देशात दहा हजार केंद्रे झाली. दोन, पेटंट संपल्यावर. सिटाग्लिप्टिन या मधुमेहाच्या औषधाचे पेटंट २०२२ मध्ये संपले आणि ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या जनऔषधीत ६० रुपयांना आल्या. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचे संपले. साठ रुपयांच्या आसपास असलेली गोळी काही कंपन्यांनी पंधरा रुपयांच्या आत आणली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अजून जुनाच महाग ब्रँड असेल, तर ही घसरण पेशंटपर्यंत पोहोचतच नाही.

तिसरी बचत सर्वांत मोठी, आणि डोंगरातल्या माणसासाठी तीच खरी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून घोडेगावच्या ग्रामीण आणि मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपरसह उपचार मोफत झाले. योगायोग पाहा: त्याच ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहिणे सक्तीचे केले आणि महिना संपायच्या आत तो नियम स्थगितही केला. मोफत उपचारातही औषध शिल्लक नसले की 'बाहेरून आणा' हे ऐकावे लागतेच. नागपूर जिल्ह्यात सरकारी रुग्णालयांना पुरवलेली काही प्रतिजैविके बनावट निघाली, तेव्हा फुकटच्या औषधावरचा लोकांचा संशयही पक्का झाला. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कार्ड ऑपरेशनला कामी येते, रोजच्या गोळीला नाही, हे अनेकांना अजून ठाऊक नसते.

मेडिकलवरच्या '१५ टक्के सूट' पाटीला भुलू नका. ती सूट छापील किमतीवर असते आणि खरा फरक छापील किमतींतच असतो. दुकानदार चिठ्ठीवरचा ब्रँड स्वतःहून बदलू शकत नाही, म्हणून डॉक्टरांकडेच मूळ नाव लिहून मागा. फिट, थायरॉइड आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची कंपनी मात्र त्यांना विचारल्याशिवाय बदलू नका. कमाल भाव 'फार्मा सही दाम' या सरकारी ॲपवर दिसतो. आणि बीपी-शुगरची गोळी आधी आपल्या आरोग्य केंद्रात मागा. तिथे नसेल तर तशी लेखी नोंद करायला लावा, कारण मागणीची नोंद नसेल तर पुढच्या पुरवठ्यातही ती गोळी राहून जाऊ शकते.