प्रश्न विद्यार्थ्याचा

महाडच्या औद्योगिक वसाहतीतून पुण्याकडे निघालेली एक वाट माणगाव, निजामपूर करत ताम्हिणी घाट चढते. मुळशी धरणाच्या कडेने पुढे आलं की पौड. तिथून आत, टेकडीवर, १९९७ साली महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झालं. देशोदेशीची मुलं इथे दोन वर्षं राहून आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा करतात. १९६८ मध्ये जिनिव्हात पाया घातलेला हा अभ्यासक्रम भारतात प्रथम कोडाईकॅनलला, १९७६ साली आला होता.

अकरावीला 'ग्रुप' कोणता, पीसीबी की पीसीएम, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न. आयबीत विषय सहा आणि त्यांत दोन भाषा नि गणित आलंच. जीवशास्त्र नि भौतिकशास्त्र घेऊन रसायनशास्त्र सोडलेलंही चालतं. हे स्वातंत्र्य मोठं आहे, पण ते भारतात महागात पडू शकतं, कारण वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट'साठी तिन्ही विज्ञानं लागतात. म्हणून डॉक्टर व्हायचं ठरवलेली मुलं कलाविषयाच्या जागी दुसरं आणि खास परवानगीने सामाजिक शास्त्राच्या जागी तिसरं विज्ञान घेत आली. राहिलेला विषय बारावीनंतर अतिरिक्त म्हणून देण्याची मुभा राष्ट्रीय वैद्यक आयोगाने दिली ती थेट नोव्हेंबर २०२३ मध्ये. तोवर सोळाव्या वर्षी घेतलेला निर्णय फिरवणं फार अवघड होतं.

आयबीच्या विज्ञानात गेल्या काही वर्षांत सर्वांत जास्त बदललं ते प्रयोगाचं रूप. आधी बरेच छोटे प्रयोग करून त्यांची फाईल ठेवायची, आणि सगळ्या विज्ञानांच्या मुलांनी मिळून दहा तासांचा एक प्रकल्प करायचा. २०१४ पासून शिकवायला घेतलेल्या अभ्यासक्रमाने सामाईक प्रकल्प ठेवला, पण फाईलच्या जागी एकच स्वतंत्र शोध मागितला. प्रश्न विद्यार्थ्याचा, रचना त्याची, लेखन सहा ते बारा पानांचं, आणि त्याला २० टक्के वजन. २०२३ पासूनच्या आवृत्तीत शब्दमर्यादा ३,००० झाली; सापेक्षतावाद, खगोलभौतिकी, मेंदूविज्ञान अशा ऐच्छिक प्रकरणांची निवड गेली. सूत्रांची पुस्तिका भौतिकशास्त्राच्या परीक्षेत हातात मिळते, त्यामुळे पाठांतराचा भार कमी. पण प्रत्येक मापामागे अनिश्चितता लिहावी लागते आणि ती शेवटच्या उत्तरापर्यंत न्यावी लागते. मुलांना सर्वांत जास्त घाम इथेच फुटतो, आणि विज्ञान खऱ्या अर्थाने इथेच हाती लागतं.

अशा स्वतंत्र शोधासाठी प्रश्न मिळवायला महाडइतकी समृद्ध जागा विरळाच. रसायनांचे कारखाने, सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र, आणि मगरी बाळगणारी सावित्री नदी, सगळं एकाच तालुक्यात. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साधारण साडेसात. ही बाजू भौतिकशास्त्राची. उष्णतेने माशाचा श्वास वाढतो, म्हणजे पुरवठा घटतो तेव्हाच त्याची गरज वाढते, ही जीवशास्त्राची. खडकांवरून फेसाळत जाणारं पाणी हवा पुन्हा ओढून घेतं, डोहात ते घडत नाही. उन्हाळ्यात आणि पावसानंतर, एकाच ठिकाणचे नमुने तपासले तर एका विद्यार्थ्याचा शोध उभा राहील. जुलै २०२१ च्या महापुराने नदीकाठ किती बदलला, हाही प्रश्न अजून ताजाच आहे.

असा शोध घ्यायला आंतरराष्ट्रीय शाळेचं शुल्क भरावं लागत नाही. विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याची विंकलर पद्धत थायोसल्फेटच्या अनुमापनावर चालते, आणि ब्युरेट, पिपेट विज्ञान शाखेच्या कोणत्याही प्रयोगशाळेत असतात. महाडचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय १९६१ पासून उभं आहे. राज्य मंडळाने अकरावी-बारावीला 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' हा विषय सक्तीचा केला, त्यात प्रकल्पही ठेवला. तो प्रकल्प दुकानातून आणलेल्या तयार वहीत उरकण्याऐवजी महाडजवळच्या बिरवाडीच्या पुलाखालचं पाणी बाटलीत भरून करता येतो.