दिवस उलटल्यावर

रायपूरच्या गोल बाजारात जडीबुटी विकणारी दुकाने आहेत. बाळंतिणीच्या काढ्याची सामग्री घरची वडीलधारी मंडळी पुष्कळदा आधीच आणून ठेवतात. परंतु दिवस उलटले, कळा नाहीत आणि डॉक्टर औषधाने कळा आणू म्हणाले, की घरात दोन तट पडतात. पिकले फळ आपोआप गळते, हा थोरांचा युक्तिवाद. तो अगदीच टाकाऊ नव्हे. शेवटच्या पाळीपासूनचे 280 दिवस हा अंदाजच होय. प्रारंभीच्या सोनोग्राफीने तो पडताळलेला नसेल, तर आधी गणना तपासावी.

गणना पक्की असून 41 आठवडे पूर्ण झाले असतील, तर मात्र प्रश्न पालटतो. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील चाचणीत, त्या सुमारास कळा आणण्याच्या गटातील 1381 स्त्रियांपैकी एकीचेही मूल दगावले नाही. 42 आठवड्यांपर्यंत वाट पाहणाऱ्या 1379 जणींच्या गटात सहा दगावली. चाचणी मध्येच थांबवण्यात आली. शस्त्रक्रियांचे प्रमाण दोन्हींकडे जवळपास सारखेच होते, ही गोष्ट घरोघरच्या भीतीला उत्तर देणारी आहे. तरीही धोका एकंदरीत थोडाच. म्हणून दोन्ही बाजू गर्भवतीलाच समजावून तिचा होकार घ्यावा. ती थांबली, तर तपासणी चुकवू नये, घरी एरंडेल पाजू नये, आणि बाळाची हालचाल मंदावताच, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे.